नवारा : संत फ्रान्सिस झेवियर यांची जन्मभूमी आणि तिची दुहेरी ओळख

३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. या दिवशी जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत भाविकांची रीघ लागते. त्याच दिवशी त्यांच्या जन्मभूमीत, म्हणजे स्पेनच्या उत्तरेकडील नवारा या प्रदेशात, 'नवारा दिन' साजरा होतो. हीच तारीख १९४९ सालापासून 'बास्क भाषा दिन' म्हणूनही पाळली जाते. एकाच संताच्या सणाला काही जण आपल्या प्रदेशाचा गौरव करतात, तर काही जण आपल्या भाषेचा. हे दोन गौरव एकाच समाजाचे की दोन भिन्न समाजांचे, याविषयी खुद्द नवारातच आजवर एकमत झालेले नाही.

आपण संत फ्रान्सिस झेवियर यांना सर्रास 'स्पॅनिश संत' म्हणतो. परंतु ७ एप्रिल १५०६ रोजी त्यांचा जन्म झाला, तेव्हा नवारा हे स्वतःचा राजा असलेले स्वतंत्र राज्य होते. ज्या संताने गोव्यात पाऊल ठेवले आणि १५४८ साली आपल्या वसईलाही भेट दिली, त्याच्या मायभूमीची ओळख आपल्या वाचकांना व्हावी, या हेतूने हा परिचय.

भूमी आणि लोक

नवाराचे क्षेत्रफळ सुमारे १०,३९० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास आहे. उत्तरेस पिरेनीज पर्वत व त्यापलीकडे फ्रान्स, पश्चिमेस बास्क स्वायत्त प्रदेश, दक्षिणेस ला रियोहा आणि पूर्वेस आरागॉन अशा त्याच्या सीमा आहेत. पाम्पलोना ही राजधानी. बास्क भाषेत तिला 'इरुन्या' म्हणतात आणि नवाराला 'नाफारोआ'.

प्रदेश लहान असला, तरी त्याच्या दोन टोकांत मोठे अंतर आहे. उत्तरेकडील डोंगराळ भागात पाऊस भरपूर पडतो. तेथे इरातीचे घनदाट अरण्य आहे, हिरवी कुरणे आहेत, जाड भिंतींची दगडी घरे आहेत. गावांची, घरांची आणि माणसांची नावे बहुतांशी बास्क आहेत. दक्षिणेकडे एब्रो नदीच्या खोऱ्यातील सपाट मुलखाला 'रिबेरा' म्हणतात. तेथे द्राक्षमळे, आर्टिचोक, अस्पॅरॅगस आणि भाजून सोललेल्या लाल मिरच्यांसाठी प्रसिद्ध असलेले लोदोसा गाव आहे. जवळच बार्देनास रेआलेस हा जवळजवळ वाळवंटासारखा ओसाड टापू पसरलेला आहे. रिबेरातील लोक पिढ्यान्पिढ्या स्पॅनिश बोलतात आणि 'होता' नावाची खड्या आवाजातील लोकगीते गातात. उत्तरेकडचा बास्क भाषक शेतकरी आणि दक्षिणेकडचा स्पॅनिश भाषक शेतकरी दोघेही स्वतःला तितक्याच अभिमानाने नवारावासी म्हणवून घेतात.

राज्याचा उदय

परंपरेनुसार इसवी सन ८२४ च्या सुमारास इन्यिगो आरिस्ता याने पाम्पलोनाचे राज्य स्थापन केले. सांचो तिसरा (१००४ ते १०३५) याच्या काळात ते स्पेनमधील ख्रिस्ती राज्यांत सर्वांत प्रबळ झाले. पुढे ११६२ साली सांचो सहावा याने 'पाम्पलोनाचा राजा' हे बिरुद सोडून 'नवाराचा राजा' असे बिरुद धारण केले. त्याच्याच काळातील ११६७ सालच्या एका लॅटिन दस्तऐवजात बास्क भाषेचा उल्लेख 'नवारावासीयांची भाषा' असा केलेला आहे. बास्क ही नवाराला बाहेरून आलेली भाषा आहे, असे कोणी म्हटल्यास भाषाप्रेमी या दस्तऐवजाकडे बोट दाखवितात.

मात्र त्या राज्यात एकच भाषा कधीही नव्हती. दरबारी लेखन लॅटिनमध्ये आणि नंतर स्थानिक रोमान्स भाषेत होई. तुदेला हे शहर १११९ पर्यंत मुस्लिम सत्तेखाली होते व तेथे अरबी बोलली जाई. तेथील ज्यू वस्तीत बाराव्या शतकातील प्रसिद्ध प्रवासी बेंजामिन जन्मला. पाम्पलोनातच फ्रान्सहून आलेल्या व्यापाऱ्यांच्या पेठा आणि स्थानिकांची पेठ स्वतंत्र तटबंदीने विभागलेल्या होत्या. त्यांच्यातील वैर इतके विकोपाला गेले की १२७६ साली स्थानिकांची पेठ बेचिराख झाली. अखेर ८ सप्टेंबर १४२३ रोजी राजा कार्लोस तिसरा याने एकीकरणाची सनद देऊन या सर्व पेठांचे एक शहर केले. भिन्न भाषांचे लोक एकत्र नांदावेत म्हणून लिखित कराराचा आधार घेण्याची रीत नवारात अशी फार जुनी आहे.

फुएरो : करारावर उभा असलेला प्रदेश

नवाराची ओळख समजून घ्यायची, तर 'फुएरो' हा शब्द समजून घ्यावा लागतो. फुएरो म्हणजे एखाद्या प्रदेशाचे पिढीजात कायदे, हक्क आणि रूढी, ज्यांचे पालन करण्याची शपथ राजाला घ्यावी लागे. आधी राजाने कायद्याशी निष्ठेची शपथ घ्यायची, मग प्रजेने राजाशी, असा हा क्रम होता. तेराव्या शतकात हे कायदे एकत्र लिहून काढण्यात आले.

दिलेला शब्द पाळण्याच्या या वृत्तीचे एक साधे उदाहरण आजही पाहावयास मिळते. नवारातील रोंकाल खोरे आणि फ्रान्सच्या बाजूचे बारेतू खोरे यांच्यात कुरणे व पाणवठे यांवरून रक्तपात होत असे. १३७५ साली लवादाने निवाडा दिला की, बारेतूच्या लोकांनी दरवर्षी रोंकालला तीन गाई द्याव्यात. तेव्हाचे राजे गेले, राज्ये गेली. परंतु आजही १३ जुलै रोजी दोन्ही खोऱ्यांचे प्रतिनिधी डोंगरावरील सीमेच्या दगडापाशी जमतात, दगडावर हातांवर हात ठेवून शांततेची शपथ घेतात आणि तीन गाई हवाली केल्या जातात.

१५१२ : पराभव आणि झेवियर घराणे

१५१२ साली आरागॉनचा राजा फर्डिनंड याच्या वतीने आल्बाच्या ड्यूकने नवारा जिंकले. १५१५ मध्ये ते कास्तिलाच्या राजमुकुटाला जोडण्यात आले. मात्र त्याचे कायदे व संस्था कायम राहतील, असे वचन देण्यात आले. पिरेनीजच्या उत्तरेकडील लहानसा भाग तेवढा जुन्या राजघराण्याकडे राहिला. त्याच घराण्यातील हेन्री पुढे १५८९ साली फ्रान्सचा राजा झाला आणि तो भाग १६२० मध्ये फ्रान्समध्ये विलीन करण्यात आला.

या पराभवाची सर्वाधिक झळ ज्या घराण्यांना बसली, त्यांत झेवियर घराणे होते. संत फ्रान्सिस यांचे वडील हुआन दे हास्सो हे बोलोन्या विद्यापीठात शिकलेले कायदेपंडित व नवाराच्या राजसभेचे अध्यक्ष होते. आई मारिया दे आस्पिलकुएता ही झेवियर गढीची वारस. वडील १५१५ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी, कार्डिनल सिस्नेरोस यांच्या आदेशावरून, गढीचे बुरूज पाडण्यात आले. फ्रान्सिस त्या वेळी दहा वर्षांचे होते. त्यांचे भाऊ जुन्या राजाच्या बाजूने लढत राहिले. १५२२ मध्ये आमायुरच्या किल्ल्यात अखेरपर्यंत झुंजणाऱ्यांत थोरला भाऊ मिगेल होता.

याच लढायांत, २० मे १५२१ रोजी, पाम्पलोनाच्या किल्ल्याचे रक्षण करताना कास्तिलाच्या बाजूचा एक बास्क सरदार तोफगोळ्याने पायाला जखमी झाला. तो म्हणजे इग्नेशियस लोयोला. झेवियर घराणे ज्या पक्षाचे होते, त्याच पक्षाच्या सैन्याने तो गोळा डागला होता. आठ वर्षांनी हे दोघे पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात एकाच खोलीत राहू लागले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर त्यांनी पीटर फेबर व अन्य सोबत्यांसह व्रते घेतली आणि त्यातून येशूसंघाची पायाभरणी झाली. ज्यांच्या घराण्यांनी एकमेकांविरुद्ध शस्त्र धरले, ते दोघे १२ मार्च १६२२ रोजी एकाच सोहळ्यात संतपदी विराजमान झाले.

भाषा : आईची आणि प्रार्थनेची

बास्क, म्हणजेच 'एउस्कारा', ही युरोपातील एक आगळी भाषा आहे. स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी, तसेच आपली मराठी या सर्व एका मोठ्या भाषाकुलातील आहेत. बास्कचे मात्र आज जिवंत असलेल्या कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. पाम्पलोनाजवळील इरुलेगी येथील उत्खननात २०२१ साली हाताच्या पंजाच्या आकाराचा एक कांस्यपत्रा सापडला. तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील आहे. २०२२ मध्ये त्यावरील पहिला शब्द 'शुभ' या अर्थाच्या बास्क शब्दासारखा वाचण्यात आला, तेव्हा मोठा आनंद झाला. त्या वाचनाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु एका जुन्या पत्र्यावरील पाच शब्दांसाठी सारा प्रदेश उत्सुक व्हावा, यातच भाषेचे मोल दिसते.

बास्कमधील पहिले मुद्रित पुस्तक १५४५ साली निघाले. त्याचे कर्ते बर्नार एचेपारे हे नवाराच्या उत्तर भागातील धर्मगुरू होते. त्याच सुमारास फ्रान्सिस झेवियर भारतात होते. दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या कोळ्यांमध्ये काम करताना आलेली अडचण त्यांनी जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे. त्या लोकांची भाषा आपल्याला कळत नव्हती, कारण त्यांची मायबोली वेगळी आणि आपली बास्क, असे ते लिहितात. मग दोन्ही बाजूंचे जाणणारी माणसे जमवून त्यांनी मोठ्या कष्टाने प्रार्थना तामिळमध्ये उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यावरील शांगच्वान बेटावर त्यांनी देह ठेवला. शेवटच्या दिवसांत ते आपल्याला न समजणाऱ्या भाषेत बोलत होते, असे सोबतच्या अंतोनियो नावाच्या चिनी ख्रिस्ती युवकाने सांगितले. ती भाषा बास्क असावी, असा काही चरित्रकारांचा तर्क आहे. भाषा दिनासाठी ३ डिसेंबर ही तारीख का निवडली गेली, हे यावरून लक्षात येईल.

नवारात मात्र ही भाषा हळूहळू उत्तरेकडे मागे सरत गेली. शाळा, कचेरी, सैन्य, सर्वत्र स्पॅनिश आली. बास्क बोलणाऱ्या मुलांना शाळेत शिक्षा होत असे. घरात आईवडिलांनीच मुलांशी स्पॅनिश बोलण्यास सुरुवात केली. गाईंच्या कराराचे पालन करणाऱ्या रोंकाल खोऱ्याची स्वतःची बास्क बोली होती. ती बोलणाऱ्या अखेरच्या वृद्धेचे, फिदेला बेर्नात यांचे, १९९१ साली निधन झाले आणि ती बोली त्यांच्याबरोबरच गेली.

एकाच वेदीभोवतीचे दोन पक्ष

एकोणिसाव्या शतकात फुएरोंवर संकट आले. कार्लिस्ट युद्धानंतर १८४१ च्या कायद्याने नवाराचे 'राज्य' हे स्थान गेले व तो प्रांत झाला. मात्र करवसुलीचा हक्क शिल्लक राहिला. १८९३ साली तो हक्कही काढून घेण्याचा प्रयत्न अर्थमंत्री गामासो यांनी केला, तेव्हा सारा नवारा एकदिलाने उठला. त्या आंदोलनाच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून १९०३ साली पाम्पलोनात स्मारक उभारण्यात आले. त्यावर स्पॅनिशबरोबर बास्क मजकूरही कोरलेला आहे आणि त्यात नवारावासीयांनी स्वतःला 'बास्क' म्हणवून घेतले आहे. म्हणजे 'नवारावासी' आणि 'बास्क' या दोन शब्दांत तोवर भांडण नव्हते.

ते भांडण पुढे आले. चार बास्क प्रांतांसाठी एकच स्वायत्तता कायदा असावा, या प्रस्तावावर १९ जून १९३२ रोजी पाम्पलोनात नगरपालिकांच्या प्रतिनिधींनी मतदान केले. १०९ मते बाजूने, १२३ विरोधात पडली. अवघ्या १४ मतांनी वाटा वेगळ्या झाल्या.

चार वर्षांनी यादवी युद्ध पेटले. जुलै १९३६ मध्ये जनरल मोला यांनी पाम्पलोनातूनच उठावाची सूत्रे हलविली आणि नवारातील हजारो कार्लिस्ट तरुण लाल टोपी घालून, धर्मरक्षणाच्या भावनेने, फ्रँकोच्या बाजूने गेले. शेजारच्या बिस्काया व गिपुस्कोआ प्रांतांतील बास्क राष्ट्रवादी तितकेच श्रद्धावंत कॅथलिक होते; ते प्रजासत्ताकाच्या बाजूने राहिले. दोन्ही बाजूंच्या छावण्यांत मिस्सा होत होत्या. फ्रँकोच्या सैन्याने गिपुस्कोआत डझनाहून अधिक बास्क धर्मगुरूंना गोळ्या घातल्या. नवारात तर युद्धआघाडीच नव्हती. तरीही तेथे सुमारे तीन हजार माणसांना, बहुतेकांना कोणत्याही खटल्याविना, ठार करण्यात आले. सार्तागुदा या गावाला 'विधवांचे गाव' असे नाव पडले. तेथे २००८ साली स्मृतिउद्यान उभारण्यात आले आहे.

त्या काळात पाम्पलोनाचे बिशप मार्सेलिनो ओलाएचेया यांनी आरंभी उठावाला पाठिंबा दिला होता. परंतु १५ नोव्हेंबर १९३६ रोजी त्यांनी आपल्या भाविकांना बजावले की, सूडापोटी यापुढे रक्ताचा एकही थेंब सांडू नये. आवाहन उशिरा आले, अनेक प्राण त्यापूर्वीच गेले होते. तरीही तो शब्द उच्चारला गेला, याची नोंद इतिहासाने ठेवली आहे.

आजचे नवारा

लोकशाही आल्यावर १९७८ च्या स्पॅनिश राज्यघटनेने या प्रदेशांच्या ऐतिहासिक हक्कांचा आदर केला. नवाराने बास्क स्वायत्त प्रदेशात सामील व्हायचे की नाही, हे नवारानेच, अखेर सार्वमताने, ठरवावे, अशी तरतूदही तिच्यात आहे. तसे सार्वमत आजवर झालेले नाही. १० ऑगस्ट १९८२ च्या कायद्याने नवाराची स्वतंत्र स्वायत्तता नव्या स्वरूपात मान्य झाली. या कायद्याच्या नावातच 'फुएरोंची पुनःस्थापना व सुधारणा' असे शब्द आहेत. ५० सदस्यांचे विधिमंडळ, स्वतःचे शासन, स्वतःचे पोलीस आणि स्वतःचा नागरी कायदा नवाराला आहे. बहुतेक कर नवारा स्वतः गोळा करते आणि केंद्राच्या खर्चातील आपला वाटा ठरलेल्या करारानुसार माद्रिदला देते.

भाषेबाबत १९८६ च्या कायद्याने प्रदेशाचे तीन विभाग केले : बास्क भाषक, मिश्र आणि बास्केतर. उत्तरेत बास्कला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत दर्जा आहे, मिश्र विभागात काही हक्क आहेत, दक्षिणेत फारच थोडे. ही विभागणी काहींना व्यवहार्य वाटते, तर काहींना अन्यायाची. एकाच प्रदेशातील नागरिकाचे भाषिक हक्क त्याच्या गावावर का अवलंबून असावेत, हा त्यांचा प्रश्न आहे. २०१७ साली आणखी ४४ नगरपालिका मिश्र विभागात घेण्यात आल्या. दरम्यान पालकांनी उभ्या केलेल्या 'इकास्तोला' म्हणजे बास्क माध्यमाच्या शाळांनी मोठे काम केले. त्यांच्या मदतीसाठी दरवर्षी लोकोत्सव भरतो. १९९१ साली प्रौढांमध्ये शंभरांतील साडेनऊ जण बास्क बोलू शकत होते. २०२१ साली हे प्रमाण सुमारे चौदा झाले. आजीची भाषा आईला आली नाही, पण नातीने ती शाळेत शिकून घरी आणली, असे कुटुंब आज पाम्पलोनात दुर्मीळ नाही.

या प्रश्नाला रक्ताचाही डाग लागला. स्वतंत्र बास्क राष्ट्रासाठी शस्त्र उचललेल्या 'एटा' या संघटनेने नवारात सुमारे चाळीस जणांचे बळी घेतले. तिने २०११ मध्ये हिंसाचार थांबविला आणि २०१८ मध्ये ती विसर्जित झाली. तेव्हापासून मतभेद सभागृहात मांडले जातात. नवारा म्हणजे बास्क भूमीचे मूळ, असे एक पक्ष मानतो. नवारा म्हणजे नवारा, त्याला दुसऱ्या नावाची गरज नाही, असे दुसरा मानतो. आणि दोन्ही ओळखी एकाच हृदयात बाळगणारेही पुष्कळ आहेत.

सण आणि यात्रा

संत फर्मिन आणि संत फ्रान्सिस झेवियर हे नवाराचे सह-आश्रयदाते संत आहेत. कोणाचा मान मोठा यावरून वाद झाला, तेव्हा १६५७ साली पोप अलेक्झांडर सातवे यांनी दोघांनाही समान मान देऊन तो मिटविला. ६ ते १४ जुलैच्या संत फर्मिन उत्सवातील बैलांची धाव जगभर दाखवली जाते. ७ जुलैला संताच्या मूर्तीची जी मिरवणूक निघते, ती मात्र बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. या दिवसांत शहर पांढरे कपडे व गळ्यात लाल रुमाल घालते. हा रुमाल संताच्या शिरच्छेदाची आठवण मानला जातो. त्या वेशात कोण उत्तरेचा व कोण दक्षिणेचा, हे ओळखू येत नाही.

मार्च महिन्यात, संत झेवियर यांच्या नोव्हेनाच्या सुमारास, 'हावियेरादा' ही पदयात्रा निघते. पाम्पलोनाहून झेवियर गढी सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. रात्रभर थंडीत चालत हजारो भाविक तेथे पोहोचतात. पाडलेले बुरूज पुढे पुन्हा बांधण्यात आले. गढीतील प्रार्थनालयात एक जुनी लाकडी क्रूसमूर्ती आहे. तिच्यावरील प्रभू येशूचा चेहरा मंद हसतो आहे. लहानपणी फ्रान्सिस यांनी याच मूर्तीपुढे प्रार्थना केली, असे मानतात.

या गढीच्या अंगणात उत्तरेचे बास्क भाषक येतात, रिबेराचे होता गाणारे येतात, ज्यांचे आजोबा १९३६ साली लाल टोपी घालून गेले ते येतात आणि ज्यांचे आजोबा रात्री घरातून नेले गेले तेही येतात. संत झेवियर आपले, असे यांतील प्रत्येक जण म्हणतो, आणि कोणाचेही म्हणणे खोटे नाही. घर पाडले गेले, राज्य गेले, भाषा सोबतीला कोणी उरले नाही, असा हा नवाराचा पुत्र अखेर आपल्या गोव्यात चिरविश्रांती घेत आहे. पुढच्या वेळी बॉम जेझूमध्ये त्यांच्या शवपेटीसमोर उभे राहाल, तेव्हा त्यांच्या मायभूमीसाठीही एक प्रार्थना अवश्य करावी.